फाटक्या आवाजाची वंशावळ

कॉलेजात असताना माझ्याकडे 'द वॉल' या अल्बमची एक कॅसेट होती. तबकडीवरून कुणीतरी उतरवलेली, तिच्यावरून आणखी कुणी, आणि मग माझ्या हाती आलेली. तिच्यातल्या 'कम्फर्टेबली नम'च्या शेवटी डेव्हिड गिल्मर जी गिटार वाजवतो ती मला तश्शी वाजवायची होती. सूर सापडले, आवाज सापडेना. माझा डेक जरा जोरात फिरायचा, त्यामुळे सगळं गाणं जवळजवळ अर्धा स्वर वर चढलेलं असे. मी इमानेइतबारे गिटारही अर्धा स्वर चढवून लावायचो आणि दर पंधरा दिवसांनी पहिली तार तोडायचो. डेकचं हेड तिरकं झालेलं होतं, आवाजातला सगळा झळाळ ते खाऊन टाकायचं. म्हणून मी गिटारचा टोन-नॉब पूर्ण बंद करायचो आणि अँपवर पंचा टाकायचो. दोन वर्षांनी एका संध्याकाळी मित्र म्हणाला, "अगदी कॅसेटसारखं वाजतंय रे." आठवडाभर मी हवेत होतो. मग कुणाच्या तरी घरी मूळ तबकडी ऐकली आणि कळलं, की मी हुबेहूब नक्कल केली होती ती माझ्या डेकची. गिल्मर तिथे कुठेच नव्हता.

या पुस्तकाचं हस्तलिखित हातात आलं तेव्हा तो डेक पुन्हा आठवला. कारण जुन्या, गाजलेल्या ध्वनिमुद्रणातला गिटारचा आवाज आज आपल्या पायाखालच्या पेडलांतून काढायचा, एवढं साधं काम अंगावर घेतलेल्या या पुस्तकाला पानोपानी एकच प्रश्न सतावतो आहे: 'तो आवाज' असं आपण म्हणतो, तो नेमका कुणाचा? वाजवणाऱ्याच्या बोटांचा, गिटारचा, अँपचा, खोलीचा, मायक्रोफोनचा, टेपचा, की आपण तो जिथे पहिल्यांदा ऐकला त्या यंत्राचा?

ज्यांनी इलेक्ट्रिक गिटार फक्त कार्यक्रमात लांबून पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं मुळापासून सांगतो. तारेखालचा पिकअप तारेच्या कंपनांतून अगदी क्षीण असा विजेचा संदेश तयार करतो. अँप तो मोठा करतो. त्याच्या ताकदीपलीकडे काही मागितलं की लाटेचे माथे छाटले जातात. छाटलेल्या लाटेत मूळ सुराच्या पटीतले कितीतरी वरचे सूर जन्म घेतात, सूर जाडसर होतो, लांबतो, थोडा फाटतो. याला डिस्टॉर्शन म्हणतात आणि इंजिनीअरच्या वहीत तो दोष आहे. आपल्याकडे मात्र दोषातून गुण काढण्याची ही कला अनोळखी नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला कानस लावून जवारी काढतो, तेव्हा तारेचा सरळसोट सूर मोडून त्यातून उपस्वरांची झालर बाहेर काढतो. तिथे तार घोडीवर घासते आणि इथे वीज छाटली जाते. रस्ते वेगळे, पण कानाला मिळतं ते एकाच जातीचं. जवारी बंद असलेला तंबोरा जसा मुका वाटतो, तशीच कुठलाही संस्कार नसलेली इलेक्ट्रिक गिटार पुष्कळदा मुकी वाटते.

सुरुवातीला हा दोष कुणी मुद्दाम शोधून काढला नाही. 1951मध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत 'रॉकेट 88' मुद्रित करायला आलेल्या मंडळींच्या अँपचा स्पीकर वाटेत बिघडला होता. त्यात कागद कोंबून काम भागवलं गेलं आणि जो भरभरता आवाज आला तोच तबकडीवर गेला. 1958च्या 'रंबल'साठी लिंक रे याने स्पीकरच्या कागदाला भोकं पाडली. 1964मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अँपचा स्पीकर ब्लेडने फाडला आणि 'यू रिअली गॉट मी' वाजवलं. या घराण्याचे मूळपुरुष असे फाडाफाडीतले आहेत.

पण पेडलची खरी गोष्ट सुरू होते ती नॅशव्हिलमध्ये. मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्यात ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत होता आणि मिक्सिंग डेस्कचा एक चॅनेल बिघडला. बासचा आवाज घोगरा, घरघरता येऊ लागला. तो तसाच ठेवला गेला आणि 1961मध्ये गाणं गाजलं. तो चॅनेल पुढे पुरता निकामी झाला, पण आवाजाला गिऱ्हाईक आलेलं होतं. रेकॉर्डिस्ट ग्लेन स्नॉडीने मग ट्रान्झिस्टरांच्या साहाय्याने तो बिघाड एका डबीत बसवला. ती डबी 1962मध्ये गिब्सन कंपनीने 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणली. म्हणजे जगातलं पहिलं फझ पेडल हीच मुळात एका ध्वनिमुद्रणातला आवाज पुन्हा काढण्याची खटपट होती. प्रस्तुत पुस्तकाचा विषय पेडलइतकाच जुना आहे तो असा.

गंमत पुढे आहे. ही डबी गिटारवाल्यांना विकताना कंपनी सांगत होती, की हिच्यातून तुम्हाला ट्यूबा, सॅक्सोफोन, चेलो यांच्यासारखे आवाज काढता येतील. कुणी फारसं फिरकलं नाही. 1965च्या मे महिन्यात हॉलिवूडच्या आरसीए स्टुडिओत कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'ची सुरावट या पेडलमधून वाजवली तीही तात्पुरती म्हणून. त्या जागी पुढे ब्रास वाद्यं घालायची असं त्याच्या मनात होतं. ती कधी घातलीच गेली नाहीत. गाणं जगभर पोहोचलं, आणि नक्कल म्हणून वाजवलेला आवाज अस्सल ठरून पुढची साठ वर्षं लोक त्याचीच नक्कल करत राहिले.

हेच सूत्र धरून पाहिलं तर पेडलांचा सगळा इतिहास फसलेल्या नकलांचा आहे असं माझं मत झालं आहे. 1967चं व्हॉक्सचं वाह पेडल क्लाइड मॅकॉय या ट्रंपेटवाल्याच्या नावाने विकलं गेलं, कारण ते ट्रंपेटच्या तोंडावर म्यूट उघडझाप केल्यासारखं बोलायचं. ट्रंपेटवाले त्याकडे वळले नाहीत, पण गिटारवाला हेंड्रिक्स वळला. जपानच्या शिन-एई कंपनीचं युनि-व्हाइब फिरत्या स्पीकरची नक्कल मानलं गेलं. त्यात एक छोटा दिवा लुकलुकतो आणि भोवतालचे चार प्रकाशसंवेदी घटक त्या उजेडावर आवाजाची फेज बदलतात. फिरता स्पीकर काही त्यातून साधला नाही. साधलं ते एक ओलसर, श्वास घेणारं काहीतरी, जे फिरत्या स्पीकरमधूनही येत नाही. टेप-एकोची मोठाली यंत्रं टाळण्यासाठी बकेट-ब्रिगेड चिपा वापरात आल्या. आग लागल्यावर माणसं रांगेत उभी राहून हातोहात बादल्या पुढे देतात, तसा या चिपेत आवाजाचा एकेक नमुना एका घरातून पुढच्या घरात सरकत जातो. प्रत्येक हाताला थोडं पाणी सांडतं, म्हणून प्रत्येक पडसाद आधीच्यापेक्षा मंद, धूसर होत जातो. टेपच्या मानाने हा दोषच होता, आणि आज लोक नेमकं हेच धूसरपण मिळावं म्हणून जादा पैसे मोजतात.

ब्रिटनमधल्या घडामोडी थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकात त्यांना भरपूर जागा आहे. 1960च्या 'अपाचे'मधला हँक मार्व्हिनचा इटालियन एको आणि व्हॉक्स अँप, 1965चं गॅरी हर्स्टचं टोन बेंडर, 1966चं माइकच्या स्टँडच्या गोल बुडाचा आकार घेतलेलं फझ फेस, आणि ब्रिटिश नौदलासाठी कंपनांवर काम केलेल्या रॉजर मेयरने हेंड्रिक्सला बनवून दिलेलं ऑक्टेव्हिया. मग न्यूयॉर्कला माइक मॅथ्यूजचं बिग मफ. मग जपान: 1976चा बॉसचा कोरस, पुढच्या दोन वर्षांत त्यांची नारिंगी-पिवळी छोटी पेडलं, आणि दशकाच्या अखेरीस आयबानेझचं हिरवं ट्यूब स्क्रीमर. आज पेडलबोर्डवर जे काही दिसतं त्याच्या बहुतेक मूळ शाखा एवढ्यातच येऊन जातात.

आता माझ्या कॅसेटकडे वळतो, कारण या एका उदाहरणात सगळं मर्म आहे. 'कम्फर्टेबली नम'च्या त्या शेवटच्या तुकड्याची सामग्री कुणालाही ठाऊक आहे: काळी स्ट्रॅटोकॅस्टर, बिग मफ, डिले, हायवॉट अँप. बिग मफ विकत घ्या, घरच्या छोट्या अँपला जोडा आणि आवाज खोलीला शोभेल एवढा ठेवा. मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं ऐकू येईल. दोन-तीन कारणं आहेत. बिग मफचं टोनचं सर्किट मधल्या पट्टीला खड्डा पाडतं. हायवॉटसारखा शंभर वॉटचा अँप प्रचंड मोठ्या आवाजातही स्वच्छ आणि मधल्या पट्टीत भरघोस राहतो, त्यामुळे हा खड्डा तिथे भरून निघतो. घरच्या अँपमध्ये भरायला काही नसतं. शिवाय आपला कान लहान आवाजात खर्जाचा आणि तीव्र सुरांचा भाग कमी ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933मध्येच मोजून दाखवलं आहे. स्टुडिओत जो समतोल वाटला तो तुमच्या झोपायच्या खोलीत राहणं शक्यच नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट: तो तुकडा त्या क्रमाने गिल्मरने सलग वाजवलाच नव्हता. त्याने पाच-सहा वेळा वेगवेगळं वाजवलं, कुठल्या फेरीतला कुठला भाग बरा ते खुणा करून मांडलं आणि डेस्कवर फेडर वर-खाली करत एका फेरीतून दुसऱ्या फेरीत उड्या मारत ती सुरावट जोडली. आपण वर्षानुवर्षं ज्या एका 'टोन'चा माग काढत असतो, तो असा ठिगळांच्या गोधडीतून आलेला आहे. गोधडी सुंदर आहे, यात वाद नाही. पण एकाच कापडाच्या दुकानात ती मिळणार नाही.

दुसरं उदाहरण मला याहूनही आवडतं. 1984मधल्या स्मिथ्सच्या 'हाउ सून इज नाउ?'मध्ये गिटार थरथरते ती ट्रेमोलोने, पण पेडल नाही. जॉनी मारने वाजवलेली गिटार टेपवरून चार फेंडर ट्विन अँपांना पाठवली गेली, आणि मार नि निर्माता जॉन पोर्टर प्रत्येकी दोन अँपांच्या ट्रेमोलोचे नॉब हाताने गाण्याच्या लयीत धरून बसले. लय सुटली की टेप थांबवायची, थोडी मागे घ्यायची, पुन्हा सुरू करायची. आजचं डिजिटल ट्रेमोलो लयीला असं चिकटतं की सुटायचं नावच घेत नाही. त्यामुळेच ते गाणं त्याच्यातून वाजवलं तर बरोबर वाटतं, पण तेच वाटत नाही. दोन माणसांच्या चार हातांचं चुकत-सावरत चालणं कुठल्या नॉबवर मिळणार?

अशा कामाकडे पाहण्याची घराणी आहेत आणि त्यांच्यात गायकीच्या घराण्यांइतकीच भांडणं आहेत. एक घराणं वस्तूंवर श्रद्धा ठेवणारं: तेच साल, तीच गिटार, तोच ट्रान्झिस्टर, शक्य तर तीच बॅटरी. त्यांची चेष्टा होते, पण ते अगदीच चुकत नाहीत. जुन्या फझ फेसमधले जर्मेनियम ट्रान्झिस्टर खरोखर लहरी असतात. तापमान चढलं की त्यांतून वीज गळायला लागते आणि आवाज मऊ पडत पडत थुंकायला लागतो. लंडनच्या गारव्यात जुळवलेलं असं पेडल पुण्याच्या एप्रिलमध्ये दुपारी चारला वाजवून पाहा. या पुस्तकाच्या लेखकाने ते केलं आहे आणि त्याची नोंद वाचण्यासारखी आहे.

दुसरं घराणं सर्किटवाल्यांचं. त्यांना ब्रँडशी देणंघेणं नसतं. नकाशा हवा असतो. फझ फेस गिटारवर जड ओझं टाकतं, म्हणून गिटार आणि त्याच्या मध्ये दुसरं बफर असलेलं पेडल घातलं की आवाज कर्कश होतो आणि गिटारचा नॉब उतरवला तरी निवळत नाही. ही एक गोष्ट समजली की हजारो रुपयांची खरेदी वाचते. या घराण्याची आपल्याकडची पीठं म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या पोटातून एसी 128 काढून फझ जोडणारी पोरं मी पाहिली आहेत. सोल्डरिंगच्या धुराने डोळे चोळत बसलेल्या या पोरांनी आवाजाबद्दल जे शिकून घेतलं, ते आमची पिढी दहा वर्षं नुसतं वाजवून शिकली नव्हती.

तिसरं घराणं कानाचं. त्यांचं म्हणणं, डोळे मिटा. हव्या त्या आवाजाच्या जवळ जाल त्या वाटेने जा. बिग मफचा खड्डा भरायला पुढे ट्यूब स्क्रीमर ठेवा, कारण त्याचा उंचवटा नेमका मधल्या पट्टीत असतो. इतिहासाला ते मान्य नसेल, तर नसो. चौथं घराणं नव्याने आलं. 1998च्या लाइन 6 पॉडने अँपच गणितात बसवणं लोकप्रिय केलं आणि आता खऱ्या अँपचा ठसा घेऊन तो फाइल म्हणून विकता येतो. मला स्वतःला तिसरं घराणं जवळचं, पण लेखक दुसऱ्यातला आहे. आमचे वाद झाले आहेत, होत राहतील.

एडी व्हॅन हेलनच्या 1978च्या 'ब्राउन साउंड'चा किस्सा इथे टाळवत नाही. तो मार्शल अँपला व्हेरिअ‍ॅकमधून कमी व्होल्टेज द्यायचा, त्यामुळे अँप आधीच शरण यायचा आणि आवाज तपकिरी, मुलायम व्हायचा. आमच्या गल्लीत उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्होल्टेज आपोआपच उतरायचं, ट्यूबलाइट फडफडायची, आणि तरी आमच्यातला कुणी व्हॅन हेलन झाला नाही.

मग आज या पुस्तकाची गरज का? आमच्या वेळी पेडल मिळत नसत. आज सगळी मिळतात, हीच अडचण आहे. क्लॉन सेंटॉर नावाचं पेडल एका माणसाने 1994पासून हाताने बनवलं. कुणी नक्कल करू नये म्हणून त्याने सर्किटवर रेझिन ओतलं. लोकांनी ते खरवडून नकाशा काढलाच. आज मूळ डबी हजारो डॉलरला जाते आणि तिच्या स्वस्त नकला कुठेही मिळतात. इतकं हाताशी असताना नवशिका मुलगा आवाज ऐकण्याआधी खरेदीची यादी पाहतो. त्यातच आता जुन्या गाण्यातून नुसती गिटार वेगळी काढणारी सॉफ्टवेअर आली आहेत. ज्यांनी ती वापरली त्यांना पहिला धक्का बसतो तो हा, की एकटी पडलेली ती थोर गिटार बारीक, बोचरी, कधी कधी अगदीच किरकोळ वाटते. तिच्या खालचा भरदार भाग बासचा होता, बाजूचा विस्तार खोलीचा होता. आपण घरी एकट्या गिटारमधून सगळ्या बँडचा आवाज मागत होतो.

आपल्या मुंबईच्या ध्वनिमुद्रणांची गोष्ट तर आणखी अवघड. 1971च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधल्या 'दम मारो दम'ची भूपिंदर सिंग यांची गिटार आजही ओळखू येते. पण त्या काळी सगळा वाद्यवृंद एकत्र बसून वाजवत असे, आणि कुठला माइक, किती अंतरावर, कुठल्या अँपसमोर, हे लिहून ठेवण्याची सवय कुणाला नव्हती. वादक, रेकॉर्डिस्ट एकेक करून गेले. ब्रिटिश-अमेरिकन तबकड्यांवर जितकी खणाखणी झाली तिचा दहावा हिस्साही इथे झालेला नाही. लेखकाने या पुस्तकात हा प्रांत जाणूनबुजून सोडला आहे, कारण अंदाजाने लिहायचं नाही असं त्याचं पथ्य आहे. मी त्याला हट्ट करून पाहिला. पुढच्या पुस्तकाचं आश्वासन मिळालं आहे.

या पुस्तकात नॉब दोन वाजता ठेवा, तीन वाजता ठेवा असली चित्रं सापडणार नाहीत. एका गिटारवरचे दोन वाजले दुसऱ्या गिटारवर दुपार टळून गेल्यासारखे वाटतात, हे लेखकाला पक्कं ठाऊक आहे. त्याऐवजी प्रत्येक ध्वनिमुद्रणाला तो वाटणीचा प्रश्न विचारतो: यातलं किती पिकअपचं, किती छाटणीचं, किती स्पीकरचं, किती खोलीचं, किती संकलनाचं? मग हाताशी असलेल्या मोजक्या पेडलांनी यातला कुठला वाटा उचलता येईल आणि कुठला सोडून द्यावा लागेल ते सांगतो. सोडून द्यावं लागतं ते तो लपवत नाही. काही प्रकरणांच्या शेवटी सरळ लिहिलं आहे, की जमलं नाही. त्या जागा मला सर्वांत उपयोगी वाटल्या, कारण नेमकं काय जमलं नाही ते तिथे मोजून दिलेलं आहे. भाषेबाबतही एक सांगतो. फझ, डिले, क्लिपिंग या शब्दांना संस्कृतचं धोतर नेसवण्याचा मोह त्याने टाळला आहे. वादक जे बोलतात तेच छापलं आहे.

हस्तलिखित संपवल्यावर मी माळ्यावरची ती कॅसेट काढली. डेक कधीच भंगारात गेला होता. शेजारच्या इमारतीतल्या एका स्नेह्यांकडे चांगला, नीट राखलेला डेक आहे, तिथे गेलो. टेप अजून शाबूत होती. गाणं बरोबर पट्टीत, बरोबर गतीने वाजलं, गिटारवर झळाळ होता. स्नेही म्हणाले, छान आहे की. मी मान हलवली. शेवटच्या तुकड्यापर्यंत मला ते गाणं दुसऱ्याच कुणाचं तरी वाटत होतं, आणि डाव्या हाताची बोटं अर्धा स्वर वरच्या घरात चाचपडत होती.